वूफर आणि अ‍ॅम्पची जोडी: बॉक्सवरचा मोठा आकडा विसरा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

[००:००] सुरुवात

आजचा विषय तुमच्यापैकीच अनेकांनी मागितलेला आहे. गाडीतला वूफर आणि त्याला चालवणारा अ‍ॅम्प, यांची जोडी जमवायची कशी?

मांडव्याच्या जेट्टीवर उभे राहा, नागावला बीचच्या पार्किंगमध्ये जा, नाहीतर अलिबाग-पेण पट्ट्यातल्या मिनीडोर बघा. गाडी दिसायच्या आधी तिचा बेस येतो. पण नीट कान दिलात तर दोन प्रकार कळतील. काही गाड्यांतला बेस छातीत लागतो आणि गाणंही स्पष्ट ऐकू येतं. काहींत नुसती नंबर प्लेट थरथरते, आणि गायक काय म्हणतोय ते देवालाच माहीत.

आपल्याला वाटतं हा फरक पैशांचा आहे. बहुतेक वेळा तो जोडीचा असतो. बारा हजारांची नीट जुळलेली जोडी तीस हजारांच्या न जुळलेल्या जोडीपेक्षा छान वाजते आणि जास्त टिकते. आपल्याकडे बरीच मुलं पहिल्या दोन-तीन पगारांतून हे सामान घेतात. काहींची तर गाडीच रोजीरोटी आहे, टूरिस्ट भाड्याची. तिथे जळलेला अ‍ॅम्प म्हणजे नुसती हौस गेली असं नाही, आठवड्याची कमाई गेली.

तर आज दोन आकडे शिकायचे. आरएमएस आणि ओहम. दुकानात जाताना एवढे दोन डोक्यात पक्के असले की कोणी तुम्हाला काहीही विकू शकणार नाही.

[०१:४०] पहिला आकडा: आरएमएस

बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? १५०० वॅट. २००० वॅट. ३००० वॅट. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’. हा आकडा म्हणजे एखाद्या क्षणापुरता, फार तर एका धक्क्यापुरता वूफर किती सोसेल त्याचा. तासभर किती सोसेल, त्याचा नाही.

तासभराचा आकडा म्हणजे आरएमएस. काही कंपन्या त्याला ‘नॉमिनल’ म्हणतात. एक उदाहरण घेऊ. पायोनियरचा टीएस-ए३००डी४ हा बारा इंची वूफर. बॉक्सवर १५०० वॅट, पण नॉमिनल ५०० वॅट. म्हणजे जोडी जमवताना हा वूफर ५०० चा समजायचा. १५०० विसरून जा.

अ‍ॅम्पलाही हेच लागू. तिथे तर गंमत जास्त, कारण स्वस्त अ‍ॅम्पवर छापलेला आकडा कोणत्या व्होल्टेजला आणि किती आवाज फाटल्यावर मोजलाय हे कोणी सांगत नाही. त्यासाठी अमेरिकेत सीईए-२००६ नावाचं मानक आलं, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यात अ‍ॅम्पची पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि एक टक्क्याच्या आतच आवाज फाटलेला असताना मोजतात. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात हे नाव दिसलं तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

हे काहीच दिसलं नाही तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. समजा २५ चे दोन फ्यूज आहेत. म्हणजे ५० अँपिअर. गाडीचे साधारण १३.८ व्होल्ट धरा. गुणाकार झाला ६९०. क्लास डी अ‍ॅम्प असेल तर त्यातला ऐंशी टक्के, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास वॅट बाहेर येतील. आता त्याच अ‍ॅम्पवर ‘३००० वॅट’ लिहिलं असेल तर उरलेले अडीच हजार येणार कुठून? बॅटरीतून आत शिरलंच नाही ते बाहेर निघणार कसं?

साधा नियम असा. वूफरच्या आरएमएसइतका अ‍ॅम्पचा आरएमएस. थोडं इकडेतिकडे चालतं, पाऊणपट ते दीडपट. पण दीडपट अ‍ॅम्प घ्यायचा तो ज्याला गेन नीट लावता येतो त्यानेच. गेनकडे येतोच आहे.

[०४:१०] दुसरा आकडा: ओहम

आता ओहम. ओहम म्हणजे वूफरची कॉइल करंटला किती अडवते ते. ओहम कमी, अडवणूक कमी, करंट जास्त. त्यामुळे एकच अ‍ॅम्प ४ ओहमवर ३०० वॅट देतो आणि २ ओहमवर ५०० देतो. अ‍ॅम्प तोच, फक्त समोर कोण बसलंय ते बदललं. म्हणून ‘हा अ‍ॅम्प किती वॅटचा?’ हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न: ‘किती ओहमवर किती वॅट आरएमएस?’

आता मघाच्या मॉडेल नंबरमधलं ते शेवटचं ‘डी४’ बघा. डी म्हणजे ड्युअल. या वूफरमध्ये ४-४ ओहमच्या दोन कॉइल आहेत. त्याचा भाऊ ‘एस४’, म्हणजे सिंगल, एकच ४ ओहमची कॉइल. दोन कॉइलचा फायदा काय? जोडणी बदलून ओहम बदलता येतात. एकामागे एक जोडल्या, म्हणजे सीरिजमध्ये, तर ४ अधिक ४, आठ ओहम. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलं, म्हणजे पॅरलल, तर दोन ओहम. चार कधीच होत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण अनेक जण ‘चार ओहमचा वूफर’ म्हणून डी४ घेऊन येतात.

मग डी४ ला अ‍ॅम्प कोणता? जो २ ओहमवर साधारण ५०० वॅट आरएमएस देईल असा मोनो अ‍ॅम्प. झाली जोडी. इतकं सोपं आहे.

एक अडचण फोर चॅनल अ‍ॅम्पवाल्यांची. मागचे दोन चॅनल ब्रिज करून वूफर लावता ना? ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला वूफरचे निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा वूफर लावला तर अ‍ॅम्पला वाटतं समोर २ आहेत. म्हणून बहुतेक फोर चॅनल अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेऊ नका असं सांगतात. तिथे एस४ घ्या. डी४ पॅरलल करून लावलात तर अ‍ॅम्प तापणार.

[०६:३०] एक व्हॉइस नोट

याच मुद्द्यावर रेवदंड्याहून एका मित्राची व्हॉइस नोट आली होती. सात सीटची गाडी आहे, शनिवार-रविवार मांडव्याहून पर्यटक घेऊन काशीद-मुरूडला जातो. त्याने दोन वूफर घेतले, दोन्ही ड्युअल २ ओहमचे, आणि एक मोनो अ‍ॅम्प. दहा मिनिटं मस्त वाजतं, मग लाल दिवा लागून सगळं बंद. थोड्या वेळाने परत चालू. दुकानवाला म्हणतो अ‍ॅम्प कमी पडतोय, मोठा घ्या. त्याचा प्रश्न होता, ‘दादा, अजून चौदा हजार घालू का?’

नको रे बाबा. आधी हिशोब करू. दोन वूफर, चार कॉइल, प्रत्येक २ ओहमची. चारही पॅरलल जोडल्या आहेत, त्याने पाठवलेल्या फोटोत दिसतंय. म्हणजे २ भागिले ४, अर्धा ओहम. त्याच्या अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, किमान १ ओहम. अ‍ॅम्पला परवानगी आहे त्याच्या दुप्पट करंट द्यायला लावलाय. तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. अ‍ॅम्प कमी पडत नाहीये, तो शहाणा आहे. प्रोटेक्शन नसतं तर एव्हाना वास आला असता.

उपाय? एक रुपयाही न घालता. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सीरिजमध्ये, म्हणजे वूफर झाला ४ ओहमचा. मग दोन्ही वूफर एकमेकांना पॅरलल. चाराचे निम्मे दोन. आता अ‍ॅम्पला दिसतात २ ओहम. १ ओहमवर मिळाले असते त्यापेक्षा वॅट कमी मिळतील, हे खरं. पण अलिबाग ते मुरूड न थांबता वाजेल.

अगदी १ ओहमच हवा असेल तर वूफर ड्युअल ४ चे घ्यायला हवे होते. चार कॉइल पॅरलल, ४ भागिले ४, बरोबर एक. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी वूफर किती आणि कोणते ते ठरवा, मग जोडणी कागदावर काढा, शेवटी अ‍ॅम्प. आपण नेमकं उलट करतो, सेलमध्ये अ‍ॅम्प दिसला की आधी तो उचलतो.

सेकंडहँड वूफर घेणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. मल्टीमीटर घेऊन जा. ४ ओहमच्या कॉइलवर मीटर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतं, ते बरोबर आहे. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मग कोनवर दोन्ही हातांनी हलकेच सारखा दाब द्या. आत खरखर झाली तर कॉइल घासतेय. कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

[०९:००] गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

वूफर जळतो तो कशाने? एक समज आहे की कमी पॉवरचा अ‍ॅम्प वूफर जाळतो. अर्धवट खरं आहे. वूफर जळतो तो उष्णतेने. अ‍ॅम्पकडून त्याच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की आवाजाची गोल लाट वरून-खालून कापली जाते, तिला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण कापलेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ३०० वॅटचा अ‍ॅम्प पुरता फाडलात तर तो ६०० च्या घरात जाऊ शकतो. समोर ३०० चा वूफर असेल तर त्याची कॉइल भाजणार. पण समोर ५०० चा वूफर आणि अ‍ॅम्प १५० चा असेल, तर आवाज घाणेरडा येईल, वूफर वाचेल.

गेनचा नॉब आवाज वाढवायला नसतो. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची गाठ घालायला असतो. आणि तो लावायला मोठं यंत्र लागत नाही, साधं मल्टीमीटर आणि तुमचा मोबाइल पुरे.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वॅट गुणिले ओहम करा आणि वर्गमूळ काढा. आपला ५०० वॅट, २ ओहम. गुणाकार १०००, वर्गमूळ ३१.६. हे झाले तुमचे व्होल्ट. आता वूफरच्या वायर अ‍ॅम्पमधून काढा. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज पाऊण, ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज पूर्ण. ५० हर्ट्झचा शून्य डीबीचा टोन लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला टेकवा आणि गेन हळूहळू वाढवा. ३१.६ आले की हात काढा. ५० हर्ट्झच का? घरातली वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे स्वस्तातलं मीटरही तिथे बरोबर मोजतं.

त्यानंतर स्टिरिओचा आवाज पाऊणच्या वर न्यायचा नाही. आणि तो बेस बूस्ट? त्याला हात लावू नका. तिथे थोडंसं फिरवलेलं बटण अ‍ॅम्पकडून कितीतरी पट पॉवर मागतं.

‘पण दादा, आवाज कमी वाटतोय.’ मग हा हिशोब ऐका. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ३०० चा ६०० करून फरक कळेल, पण थोडाच. त्याच पैशांत बॉक्स बदला. वूफरच्या मापाने बनवलेला, न थरथरणारा, हवा न गळणारा बॉक्स जास्त फरक पाडतो.

[११:४०] वायर, फ्यूज आणि अर्थ

आता जिथे आग लागते तो भाग.

५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण ४५ अँपिअर ओढतो. एवढा करंट बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर न्यायचाय. आठ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरमध्ये वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो. चार गेजमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारं वायरिंग किट बहुतेक वेळा सीसीए असतं, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. सुरीने थोडं खरवडून बघा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं की समजा. तेवढाच करंट न्यायला ती वायर बरीच जाड लागते.

मेन फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, दीड फुटाच्या पुढे नाही. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर आपल्या खड्ड्यांत महिना-दोन महिन्यांत पत्रा वायरचं कव्हर कापतो. वायर बॉडीला टेकली आणि फ्यूज नसला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं. फ्यूज जातोय म्हणून त्यात तार घालणाऱ्यांनी हे दोनदा ऐका.

अर्थची वायर तेवढ्याच जाडीची आणि आखूड. रंग खरवडलेल्या पत्र्यावर, नट-बोल्ट आणि लग लावून. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची पाइप नाही ना. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडर, त्याचा स्टँड आणि पाइप यांना अजिबात हात लावायचा नाही. डिकीत सिलिंडरने जागा खाल्ली असेल तर सीटखालचा वूफर बरा.

सिग्नलची आरसीए वायर गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्या. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा माहितीय ना? ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने नाजूक मापनं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी केली, तीही चुंबकीय नसलेलं साहित्य वापरून. तुमच्या गाडीतही तोच मामला. जड करंटच्या शेजारून नाजूक सिग्नल नेला की एक्सलरेटर दाबल्यावर स्पीकरमध्ये शिट्टी वाजू शकते. अर्थ ढिला असला तरीही तेच होतं, म्हणून आधी तो तपासा.

[१३:५०] खारा वारा आणि पाऊस

पुण्यातल्या व्हिडिओत हे सांगणार नाहीत, कारण त्यांच्याकडे समुद्र नाही. श्रीवर्धनपासून उरणपर्यंत आपल्या गाड्या खारं खातात. फ्यूज होल्डर उघडलात तर हिरवं साचलेलं दिसतं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र, वर खारी ओल, की सीसीए वायर टोकाला भुगा होते. जोड सैल पडतो, तापतो, अ‍ॅम्पला व्होल्टेज कमी मिळतं आणि तुम्ही म्हणता अ‍ॅम्प खराब झाला.

बोटींसाठी कलई केलेली तांब्याची वायर मिळते. महाग आहे, पण पाच मीटरच लागते. जमलं तर तीच घ्या. नाही जमलं तर तांब्याची घ्या आणि टोकांना हीटश्रिंक लावा. पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर, वर्षातून दोनदा सगळे जोड उघडून पुसून घट्ट करा. एमडीएफचा बॉक्स पाणी पिऊन फुगतो, मरीन प्लायचा सांगा. आणि अ‍ॅम्प डिकीच्या तळाशी ठेवू नका, ओल्या बीचवरून आलेल्या चपला आणि टॉवेल तिथेच पडतात.

[१५:००] बीचवर आणि गावात

गाडी बंद करून बीचवर गाणी लावणाऱ्यांनो, छोट्या पेट्रोल गाडीत बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गाणं सरासरी १५ अँपिअर ओढत असेल तर तासा-सव्वा तासात निम्मी बॅटरी संपते. मग सेल्फ लागत नाही, आणि वाळूत गाडीला धक्का मारणं काय असतं ते ज्याने मारलाय त्याला विचारा.

आणि गावातून जाताना आवाज कमी करा. नियम आहेतच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण त्याहून मोठं कारण तुमचे स्वतःचे कान. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि १०० डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. बंद काचांच्या गाडीत १०० गाठायला फार कष्ट पडत नाहीत. कॉइल नवीन भरून मिळते, कान भरून मिळत नाही.

[१६:१०] दुकानात नेण्याची यादी

स्क्रीनशॉट काढा.

एक, वूफरचा आरएमएस किती? दोन, कॉइल सिंगल की ड्युअल, किती ओहमच्या? तीन, सगळं जोडल्यावर एकूण किती ओहम? चार, अ‍ॅम्प त्या ओहमवर किती आरएमएस देतो आणि त्याचं किमान ओहम किती? पाच, वायर तांब्याची की सीसीए, किती गेज? सहा, मेन फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर? सात, गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापणार की कपलर लावणार? वायर कापली तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

चौथ्या प्रश्नाला ‘काय फरक पडत नाही, बिनधास्त वाजतं’ असं उत्तर आलं, तर हसून नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.

तुमच्या जोडणीचा फोटो आणि वूफर-अ‍ॅम्पचे मॉडेल नंबर पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन हिशोब आपण मिळून करू. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा आणि बेस बूस्ट शून्यावर ठेवा. भेटू!